अणू, मूलद्रव्यं, संयुगं आणि रेणुसूत्रं: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी-नववीची लेकरं, त्यांचे आईवडील आणि खताची पावती हातात घेऊन "सर, हे आकडे कशाचे असतात हो?" असं विचारणारे शेतकरी, या सगळ्यांचे प्रश्न इथे एका ठिकाणी घेतले आहेत. माझा आग्रह एकच आहे. रेणुसूत्र पाठ करू नका, वाचायला शिका. त्यात कोणते अणू किती आहेत याचा हिशोब असतो. तो वाचता आला की खताची गोणी, बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आणि परीक्षेतलं समीकरण एकाच रीतीने उलगडतं.

या पानावर सूत्रं कशी वाचायची?

सूत्रं इथे देवनागरीत, वर्गात उच्चारतो तशी लिहिली आहेत. एका मूलद्रव्याची संज्ञा जोडून येते आणि दोन मूलद्रव्यांच्या मध्ये आडवी रेघ असते. म्हणजे सीए-ओ यात दोन मूलद्रव्यं आहेत, कॅल्शियम आणि ऑक्सिजन. एच२-ओ मधला २ हा त्याच्या आधीच्या हायड्रोजनचा आहे. वहीत लिहिताना हा आकडा अक्षराच्या खाली, लहान काढायचा.

अणू म्हणजे नेमकं काय?

मूलद्रव्याची ओळख ज्यात शाबूत राहते असा त्याचा सगळ्यात लहान कण. तांब्याची तार कापत कापत गेलात तर शेवटी तांब्याचा एक अणू उरेल. त्याच्याही पुढे फोडलात तर जे हाती येईल ते तांबं नसेल.

अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, आणि बाहेर इलेक्ट्रॉन. जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रकात एकवटलेलं असतं, पण केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या साधारण एक लाखांश असतो. इलेक्ट्रॉन १८९७ साली थॉमसन यांनी शोधला, केंद्रक १९११ साली रदरफर्ड यांनी मांडलं आणि न्यूट्रॉन १९३२ साली चॅडविक यांना सापडला. परीक्षेत ही तिन्ही नावं उलटसुलट होतात, म्हणून सालासकट दिली.

किती लहान असतो तो? दिसतो का?

तांब्याचे अणू एकाला एक चिकटवून ओळीत मांडले तर १ सेंटिमीटरमध्ये सुमारे ४ कोटी बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून अणू दिसणार नाही, कारण ज्या प्रकाशात आपण बघतो त्याची तरंगलांबीच अणूच्या हजारो पट मोठी आहे. १९८१ साली बिनिग आणि रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात एक अतिबारीक सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरते आणि एकेका अणूचा उंचवटा नोंदवते. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं. तेव्हा "अणू कोणी पाहिलाय?" या प्रश्नाला आता सरळ उत्तर आहे.

अणू आणि मूलद्रव्य यांत फरक काय?

अणू हा एक कण. मूलद्रव्य म्हणजे ज्यातले सगळे अणू एकाच जातीचे आहेत असा पदार्थ. जात ठरते प्रोटॉनच्या संख्येवरून, तिलाच अणुअंक म्हणतात. २६ प्रोटॉन म्हणजे लोह, २९ म्हणजे तांबं, ७९ म्हणजे सोनं. त्यात सूट नाही. न्यूट्रॉन कमीजास्त चालतात, अशा अणूंना एकमेकांची समस्थानिकं म्हणतात. इलेक्ट्रॉनही येतात-जातात, त्यातून आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, तयार होतात. प्रोटॉन बदलला की मूलद्रव्यच बदललं.

एक सांगून ठेवतो. सराफाकडचं २२ कॅरेटचं सोनं हे निव्वळ मूलद्रव्य नसतं. त्यावरचा ९१६ हा आकडा १००० भागांत ९१६ भाग सोनं आहे असं सांगतो, बाकी तांबं, चांदी वगैरे. म्हणजे दागिना हे मिश्रण आहे.

मूलद्रव्यं एकूण किती?

११८. शेवटच्या चौघांना, म्हणजे निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसिन आणि ओगानेसन यांना, २०१६ साली अधिकृत नावं मिळाली. ती प्रयोगशाळेत बनवलेली आहेत आणि क्षणार्धात विरून जातात. रोजच्या जगण्यात आपला संबंध तीसेक मूलद्रव्यांशी येतो. नववीपर्यंत पहिली वीस क्रमाने यायला हवीत. सूत्रं रटू नका असं मी म्हणतो, पण ही वीस मात्र तोंडपाठ करा. बाराखडी आल्याशिवाय वाचन होत नाही.

सोडियमची संज्ञा "एनए" आणि लोहाची "एफई" कशी?

ती लॅटिन नावांवरून आली. नॅट्रियमवरून एनए, कॅलियमवरून पोटॅशियमचा के, फेरमवरून एफई, क्युप्रमवरून सीयू, अर्जेंटमवरून चांदीचं एजी, ऑरमवरून सोन्याचं एयू, प्लंबमवरून शिशाचं पीबी. अक्षरांची ही पद्धत बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३ च्या सुमारास आणली.

दोन अक्षरी संज्ञेत पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, दुसरं लहान. हा नियम वरवरचा वाटतो, पण "सी" मोठा आणि "ओ" लहान काढला तर तो कोबाल्ट नावाचा धातू होतो. दोन्ही मोठे काढले तर तो कार्बन मोनॉक्साइड होतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यावर जो वायू माणसाचा जीव घेतो, तो हाच.

शेतीतही अशीच एक जोडी गोंधळ घालते. एमजी म्हणजे मॅग्नेशियम आणि एमएन म्हणजे मँगनीज. कापसावर लाल्या (पानं लाल पडणं) दिसायला लागला की फवारणीसाठी मॅग्नेशियम सल्फेट सांगतात. कृषी सेवा केंद्रावर नाव अर्धवट आठवून "मँग सल्फेट" मागितलं तर भलतीच पिशवी हातात येऊ शकते. पिशवीवरची संज्ञा वाचा. शेवटचं अक्षर जी की एन, एवढंच बघायचंय.

संयुग आणि मिश्रण यांतला फरक वर्गात कळतो, पेपरात विसरतो. काय करू?

दोन प्रश्न विचारा. पहिला, घटकांचं प्रमाण आपल्या मर्जीने बदलता येतं का? दुसरा, घटकांचे मूळ गुण टिकलेत का? दोन्हींना "हो" असेल तर मिश्रण, "नाही" असेल तर संयुग, म्हणजे वेगवेगळे अणू ठरलेल्या प्रमाणात बांधले जाऊन झालेला नवा पदार्थ.

जालन्याच्या मिलमध्ये तयार होणारा गज घ्या. पोलादात लोहाबरोबर थोडा कार्बन असतो, आणि तो किती ठेवायचा हे बनवणारा ठरवतो. म्हणजे मिश्रण, त्यातही संमिश्र, म्हणजे धातूत दुसरं मूलद्रव्य वितळवून मिसळलेलं. हाच गज पावसात पडून राहिला की त्यावर गंज चढतो. गंजामध्ये लोह आणि ऑक्सिजन ठरलेल्या प्रमाणात बांधले जातात आणि लोहाची चमक, चुंबकाला चिकटणं, सगळं जातं. तो संयुग. एकाच गजावर दोन्ही उदाहरणं बोटाने दाखवता येतात. बिद्रीची भांडीही संमिश्राचीच, जस्तात थोडं तांबं घालून ओतलेली. काळी माती मिश्रण, हवा मिश्रण, गूळ मिश्रण. साखर मात्र संयुग.

आता पाण्याकडे या, कारण इथेच मुलं अडखळतात. शुद्ध पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वजनी प्रमाण नेहमी १:८ असतं. जायकवाडीचं असो, आडाचं असो, किंवा २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेलं असो. या नियमाला स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतात आणि तो फ्रान्सच्या प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. मग एक पाणी गोड आणि एक मचूळ का लागतं? कारण आपण पितो ते निव्वळ पाणी नसतं. ते पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांचं मिश्रण असतं. क्षार बदलतात, पाण्याचा रेणू, म्हणजे अणू जोडून झालेला पाण्याचा सगळ्यात लहान कण, बदलत नाही. १ आणि ८ कुठून आले तेही बघा. दोन हायड्रोजनचं वस्तुमान २, एका ऑक्सिजनचं १६. दोनास सोळा, म्हणजे एकास आठ. सूत्रातूनच निघालं.

सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरीन विषारी आहे, मग मीठ खाल्लेलं कसं चालतं?

कारण मिठात सोडियम धातूही नसतो आणि क्लोरीन वायूही नसतो. सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूला देऊन टाकतो. एकावर धनप्रभार येतो, दुसऱ्यावर ऋणप्रभार, आणि हे दोन आयन एकमेकांना धरून बसतात. सोडियमचा सगळा चिडखोरपणा त्या एका इलेक्ट्रॉनपायी होता. तो दिल्यावर सोडियम आयन शांत असतो, इतका की आपल्या रक्तातच त्याचं काम चालतं.

हाच फरक फ्लोरीन आणि फ्लोराइड यांत आहे. नांदेड जिल्ह्यात किनवटच्या बाजूला काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने दात आणि हाडांचे आजार दिसतात. पाण्यात असतो तो फ्लोराइड आयन, फ्लोरीन वायू नव्हे. म्हणूनच पाणी उकळून तो उडून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. तो काढायला तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केली आहे.

रेणुसूत्रातल्या आकड्यांचा अर्थ काय? पुढचा आकडा, खालचा आकडा, कंस...

खालचा आकडा त्याच्या लगेच आधीच्या संज्ञेला लागू. कंसाबाहेर असेल तर कंसातल्या सगळ्यांना लागू. सूत्राच्या पुढे, म्हणजे सुरुवातीला डावीकडे, मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा पूर्ण रेणूंची संख्या सांगतो.

युरिया घ्या: सी-ओ-(एन-एच२)२. कंसातला संच दोनदा आला. म्हणजे कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. हायड्रोजन ४ कसे? कंसात २ आहेत, बाहेर २ आहे, बे दुणे चार. सुरुवातीला पोरं इथेच हायड्रोजन २ किंवा ३ लिहितात. बोट ठेवून एकेक अणू मोजा, दोन दिवसांत सवय लागते.

खालचा आकडा बदलणं म्हणजे पदार्थच बदलणं. एच२-ओ पाणी, पण एच२-ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला पातळ करून वापरतात ते. समीकरण संतुलित करताना म्हणूनच खालच्या आकड्याला हात लावायचा नसतो, फक्त पुढचा आकडा बदलायचा.

सूत्र तयार कसं करायचं?

संयुजा, म्हणजे अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो तो आकडा, ठाऊक असली की तिरकस गुणाकाराने होतं. संज्ञा शेजारी लिहा, खाली संयुजा लिहा, आणि संयुजांची तिरपी अदलाबदल करा. ॲल्युमिनियमची संयुजा ३, ऑक्सिजनची २, म्हणून एएल२-ओ३. अमोनियम मूलकाची (एकत्र राहणारा, प्रभार असलेला अणूंचा गट म्हणजे मूलक) १, सल्फेटची २, म्हणून (एन-एच४)२-एस-ओ४. कॅल्शियम २, ऑक्सिजन २, अदलाबदल केली की सीए२-ओ२ येतं, ते लहान करून सीए-ओ लिहायचं.

"मग हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच-ओ का नाही करत?" हुशार मुलं हे विचारतात, आणि विचारायलाच हवं. सीए-ओ हे आयनांचं जाळं आहे. त्यात सुटा रेणू नसतोच, सूत्र फक्त गुणोत्तर सांगतं, म्हणून ते सर्वांत लहान रूपात लिहितात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा मात्र खरोखर सुटा रेणू असतो आणि त्यात मोजून चार अणू असतात. ग्लुकोजचंही तसंच, सी६-एच१२-ओ६ ला सहाने भागायचं नसतं.

संयुजा येते कुठून?

बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनवरून. तिथे आठ झाले की अणू स्थिर होतो, हायड्रोजनसारख्या चिमुकल्या अणूला दोन पुरतात. मॅग्नेशियमकडे बाहेर दोन आहेत, ते देऊन टाकले की काम झालं, संयुजा २. क्लोरीनकडे सात आहेत, एक हवा, संयुजा १.

लोहाला दोन संयुजा कशा? आणि शेतात लोह असूनही पानं पिवळी का पडतात?

हे दोन प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून येतात, पण उत्तर एकच आहे. लोहाचा अणू कधी दोन इलेक्ट्रॉन देतो, कधी तीन. दोन दिले की फेरस, तीन दिले की फेरिक. कृषी सेवा केंद्रावर मिळणारं हिरवट हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, एफई-एस-ओ४ · ७ एच२-ओ. गेरूचा लाल रंग फेरिक ऑक्साइडचा, एफई२-ओ३. अजिंठ्याच्या भिंतींवरचा तांबडा रंग याच लोहयुक्त मातीतून आलेला आहे.

आपली काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून झालेली, तिच्यात लोह भरपूर. पण ती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असली की लोह न विरघळणाऱ्या फेरिक संयुगांत अडकून पडतं आणि मुळांना मिळत नाही. म्हणून भुईमुगाची, सोयाबीनची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. मूलद्रव्य आहे की नाही एवढंच पाहून भागत नाही, ते कोणत्या संयुगात आहे हे बघावं लागतं. मला विचाराल तर रसायनशास्त्राचा हा धडा शेतकऱ्याला सगळ्यात जास्त उपयोगी आहे.

खताच्या गोणीवरचे १८:४६:० किंवा १०:२६:२६ हे आकडे रेणुसूत्राशी जुळतात का?

जुळतात, पण एक खोच आहे. आधी युरियातल्या अणूंची वस्तुमानं: कार्बन १२, ऑक्सिजन १६, दोन नायट्रोजन २८, चार हायड्रोजन ४, बेरीज ६०. त्यात नायट्रोजन २८, म्हणजे शुद्ध युरियात ४६.७ टक्के. गोणीवर ४६ टक्के लिहिलेलं असतं. ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन आला २०.७ किलो. उरलेलं वजन भेसळीचं नाही, त्याच रेणूतल्या कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं आहे.

आता डीएपी, म्हणजे डाय अमोनियम फॉस्फेट: (एन-एच४)२-एच-पी-ओ४. गोणीवर १८:४६:०. पहिला आकडा नायट्रोजनचा, दुसरा फॉस्फरसचा म्हणजे स्फुरदाचा, तिसरा पोटॅशियमचा म्हणजे पालाशचा. लोकांना वाटतं ४६ टक्के फॉस्फरस आहे. तसं नाही. सूत्राप्रमाणे डीएपीचं रेणुवस्तुमान, म्हणजे रेणुसूत्रातल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, १३२ आणि त्यात फॉस्फरस ३१, म्हणजे अगदी शुद्ध असलं तरी २३.५ टक्क्यांवर फॉस्फरस असूच शकत नाही. मग ४६ कशाचे? ते पी२-ओ५ या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले आहेत. जुन्या काळी विश्लेषणाचा निकाल ऑक्साइडमध्ये मांडायची पद्धत पडली आणि खतांच्या व्यवहारात तीच टिकली. गोणीत पी२-ओ५ नावाचा पदार्थ कुठेच नसतो, ते फक्त मोजमापाचं परिमाण आहे.

पी२-ओ५ चं वस्तुमान १४२, त्यात फॉस्फरस ६२, म्हणजे सुमारे ४४ टक्के. ५० किलोच्या डीएपीच्या गोणीत २३ किलो पी२-ओ५, आणि खरा फॉस्फरस १० किलोच्या आसपास. तिसरा आकडा पालाशचा, तोही के२-ओ मध्ये मोजतात. म्युरेट ऑफ पोटॅश हे खरं तर के-सीएल आहे, त्यात ऑक्सिजनचा एक अणूही नाही, तरी गोणीवर ६० टक्के के२-ओ असं येतं. त्यातलं पोटॅशियम ५० टक्के.

यात कोणी फसवत नाही. विद्यापीठाच्या शिफारशीसुद्धा "स्फुरद" आणि "पालाश" याच ऑक्साइडच्या मापात असतात, तेव्हा गोणी आणि शिफारस यांची तुलना बिनधास्त करा. फक्त परदेशी पुस्तकात किंवा एखाद्या ॲपमध्ये निव्वळ फॉस्फरसचा आकडा दिसला तर तो थेट गोणीला लावू नका.

सूत्राच्या मध्ये टिंब आणि मग "५ एच२-ओ" असं का लिहितात?

ते स्फटिकजल. स्फटिक तयार होताना पाण्याचे रेणू ठरलेल्या संख्येने त्याच्या रचनेत बसतात. हात लावला तर स्फटिक कोरडाच लागतो.

मोसंबीच्या बागेत बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी वापरतात ते मोरचूद: सीयू-एस-ओ४ · ५ एच२-ओ. त्याचे निळे खडे शाळेत परीक्षानळीत मंद आचेवर तापवा. नळीच्या वरच्या थंड भागात पाण्याचे थेंब जमतात, खडा तडतडतो आणि पांढरी पूड उरते. गार झाल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका, थेंब पडला तेवढ्याच जागी निळा डाग उमटतो. हा प्रयोग मी कधीच चुकवत नाही. "पाणी रचनेत बसलेलं आहे" हे वाक्य मुलांना त्या डागानंतर पटतं. मोरचुदाचं रेणुवस्तुमान २४९.५ आणि त्यातलं पाणी ९०, म्हणजे एक किलो मोरचूद विकत घेता तेव्हा ३६० ग्रॅम पाणीच असतं.

घरची तुरटी तर याहून पुढे. के-एएल-(एस-ओ४)२ · १२ एच२-ओ, म्हणजे वजनाचा ४५ टक्क्यांहून जास्त भाग पाणी. तव्यावर तापवली की आधी स्वतःच्याच पाण्यात विरघळते, मग फुलते आणि तुरटीची लाही होते.

याचा पैशाशीही संबंध आहे. झिंक सल्फेट बाजारात दोन प्रकारचं मिळतं, एकावर जस्त २१ टक्के लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ३३ टक्के. दोन्ही खरे. पहिल्यात सात रेणू पाणी असतं, दुसऱ्यात एकच. १० किलोच्या पिशवीत जस्त एकीकडे २.१ किलो, दुसरीकडे ३.३ किलो. भाव विचारताना पिशवीचा नव्हे, किलोभर जस्ताचा काढा.

चुनखडी, चुनकळी आणि पानाचा चुना हे सगळं एकच का?

तिघांतही कॅल्शियम आहे, पण संयुगं तीन. चुनखडी सीए-सी-ओ३. ती भट्टीत भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते, सीए-ओ. चुनकळीवर पाणी टाकलं की ती फसफसून उकळल्यासारखी तापते आणि विरलेला चुना होतो, सीए-(ओ-एच)२. पानाच्या डबीत असतो तो हा.

वजनाचा हिशोब बघा: १०० किलो शुद्ध चुनखडीतून ५६ किलो चुनकळी, ४४ किलो वायू हवेत. ५६ किलो चुनकळीला १८ किलो पाणी, विरलेला चुना ७४ किलो. कुठेही एक ग्रॅम हरवत नाही. चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा सीए-सी-ओ३ होतो आणि घट्ट बसतो.

छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिला असेल. त्याचा घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी आहे, बाकीच्या बांधकामावर चुन्याचा गिलावा आहे. गिलावा म्हणजे हलकं काम असं पर्यटकांना सांगितलं जातं. कारागिरीचं आणि खर्चाचं काय ते असो, रसायनाने पाहिलं तर संगमरवर मुख्यतः सीए-सी-ओ३, आणि सुकून जुना झालेला चुन्याचा गिलावाही मुख्यतः सीए-सी-ओ३.

आणि हे ओळखणं सोपं नव्हतं. लव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा चुनकळीसुद्धा मूलद्रव्यांत धरली होती, कारण ती कोणालाच फोडता आली नव्हती. १८०८ साली डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातून कॅल्शियम वेगळं केलं, तेव्हा ती संयुग ठरली.

बोअरच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये "काठिण्य, सीए-सी-ओ३ म्हणून" असं असतं. म्हणजे पाण्यात चुनखडी आहे?

हुबेहूब तसं नाही. खतातल्या पी२-ओ५ सारखंच हे मोजायचं परिमाण. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन असतात, त्या सगळ्यांचा मिळून परिणाम किती चुनखडीइतका, हे तो आकडा सांगतो. मानकाप्रमाणे लिटरमागे २०० मिलिग्रॅम ठीक, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत. ४०० आलं आणि ते सगळं कॅल्शियममुळे असेल, तर प्रत्यक्ष कॅल्शियम १६० मिलिग्रॅम. साबणाला फेस न येणं, डाळ लवकर न शिजणं, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, सगळं यातूनच.

मोल ही भानगड काय आहे?

सोयाबीनचे दाणे कोणी मोजत बसत नाही. शंभर दाण्यांचं वजन करतात आणि त्यावरून किलोत किती दाणे बसतील ते काढतात. शंभर दाणे १२ ग्रॅम भरले तर किलोत सुमारे ८३००. मोल ही अगदी हीच रीत आहे, वजनावरून संख्या काढायची. रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम घेतले की त्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात. आपल्या बोलीत ६०२ कोटी कोटी कोटी. पाणी १८ ग्रॅम घ्या, साखर ३४२ ग्रॅम घ्या, रेणू तितकेच. चहात टाकलेल्या ५ ग्रॅम साखरेत, म्हणजे सी१२-एच२२-ओ११ मध्ये, जवळपास ९ कोटी कोटी कोटी रेणू असतात. हे गणित पेपरात हमखास येतं: दिलेलं वजन भागिले रेणुवस्तुमान, झाले मोल.

अणूची कल्पना आधी कणादांनी मांडली ना?

वैशेषिक दर्शनात द्रव्याच्या अविभाज्य परमाणूचा विचार आहे आणि त्याची परंपरा कणादांकडे जाते. तो तत्त्वचिंतनाचा मोठा टप्पा होता. डाल्टन यांनी १८०३ ते १८०८ च्या दरम्यान मांडलेला सिद्धांत वजनांच्या मोजमापातून आला, आणि रेणुसूत्रं त्या वाटेवर निघाली. दोघांचा आदर करताना एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर लिहायची गरज नाही.

शाळेत प्रयोगशाळा नीट नाही. घरी काय करून बघता येईल?

चुन्याची निवळी करा. पानाच्या डबीतला बोटभर चुना ग्लासभर पाण्यात ढवळा, तास-दोन तास स्थिर ठेवा आणि वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या ग्लासात ओता. त्यात स्ट्रॉने हळूहळू फुंका. पाणी दुधाळ होतं: उच्छ्वासातला सी-ओ२ आणि विरलेला चुना मिळून सीए-सी-ओ३ तयार झाला, तो विरघळत नाही. फुंकत राहिलात तर बऱ्याच वेळाने पाणी पुन्हा नितळ होऊ लागतं. आता सीए-(एच-सी-ओ३)२ झालं, हे विरघळतं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बरंचसं याच रूपात असतं. हे नितळ पाणी पातेल्यात उकळा, सी-ओ२ निघून जातो आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. गिझरमध्ये जमतो तोच.

स्ट्रॉमधून पाणी तोंडात ओढू नका, निवळी डोळ्यांत उडू देऊ नका, आणि उडालीच तर भरपूर साध्या पाण्याने डोळे धुवून लगेच डॉक्टरांकडे जा. चुनकळी मात्र मुलांच्या हातात अजिबात देऊ नका.